घोटभर पाण्याचा इतिहास

शस्त्रक्रियेचा इतिहास सहसा विजयांचा लिहिला जातो. अन्ननलिकेच्या कर्करोगातला असा विजय न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली फ्रांझ टोरेक यांनी मिळवला. छातीतला रोगग्रस्त भाग काढून त्यांनी मानेतली अन्ननलिका आणि जठर शरीराबाहेरून रबरी नळीने जोडले. ती रुग्ण स्त्री पुढे १० वर्षांहून अधिक जगली. मात्र ज्यांचा रोग शेजारच्या श्वासनलिकेत शिरला आहे, त्यांना या विजयात वाटा मिळाला नाही. बहुतेकांना आजही मिळत नाही.

याचे कारण शरीररचनेत आहे. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मागच्या बाजूला अपुऱ्या असतात. तिथली मऊ, पातळ भिंत अन्ननलिकेला टेकलेली असते. रोगाने ती पोखरली की दोन नळ्यांमध्ये भोक पडते. मग प्यायलेले पाणीच काय, स्वतःची लाळही फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. किरणोपचाराने गाठ विरघळतानाही असे भोक पडण्याची भीती असते.

म्हणून या रुग्णांचा इतिहास नळीच्या वाटेने गेला. हेन्री साउटर यांनी १९२४ साली जर्मन सिल्व्हरच्या तारेची गुंडाळी केलेली नळी आवळलेल्या अन्ननलिकेत बसवण्याची पद्धत मांडली. पुढे प्लास्टिकच्या नळ्या आल्या. १९९०च्या दशकात आपोआप फुलणारे धातूच्या जाळीचे स्टेंट रुळले. त्यांवर आवरण चढवल्याने भोकही झाकता येऊ लागले. त्याच सुमारास मार्सेच्या झाँ-फ्रान्स्वा द्युमाँ यांनी श्वासनलिकेसाठी सिलिकॉनचा स्टेंट आणला. दोन्ही नळ्या दबल्या असतील तर आधी श्वासाची वाट राखतात, कारण अन्ननलिकेत फुललेला स्टेंट श्वासनलिकेला दाबू शकतो. यांपैकी कशानेही रोग बरा होत नाही. पण ठसका न लागता घोट उतरतो.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झाले. त्याच संस्थेचे ‘ॲक्ट्रेक’ हे संशोधन व उपचार केंद्र आज नवी मुंबईत खारघरला आहे. कर्करोगाच्या आपल्या इतिहासात ही नावे हमखास येतात. वांद्र्याचे शांती अवेदना सदन मात्र अनेकदा राहून जाते. टाटा रुग्णालयातले शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली सुरू केलेले हे भारतातले पहिले हॉस्पिस. बरे न होणाऱ्यांच्या वेदना शमवणे हेच तिथले काम.

‘आता काही करण्यासारखे नाही’ या वाक्याला साउटरची नळी आणि वांद्र्याचे सदन, दोन्ही उत्तरे आहेत. आपल्या भाषेला ही गोष्ट ठाऊक आहे. उपचार म्हणजे औषध आणि उपचार म्हणजे सेवाही. पूजेच्या सोळा उपचारांत आचमन येते. तेही घोटभर पाणीच.