आरॉन

चित्रे काढणारी संगणकीय आज्ञावली. तिचा कर्ता हॅरल्ड कोहेन (१९२८–२०१६) हा लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकलेला आणि रंगांच्या जाणकारीबद्दल नावाजलेला ब्रिटिश चित्रकार. १९६६ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याने ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले. १९६८ मध्ये तो सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवायला गेला आणि तिथे आज्ञावली लिहायला शिकला. आरॉनची घडण १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात, स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील मुक्कामात झाली.

कागदावर कमीत कमी किती खुणा उमटल्या की पाहणारा त्यांना चित्र म्हणतो, हा कोहेनचा मूळ प्रश्न. कॅलिफोर्नियातील प्राचीन खडकचित्रे पाहून तो अधिकच बळावला: कोरणाऱ्यांचा हेतू ठाऊक नसतानाही त्या रेषा अर्थपूर्ण वाटतातच. म्हणून आरॉनचे आरंभीचे नियम रेषा उघडी की बंद, आकाराच्या आत काय आणि बाहेर काय, एवढ्यापुरतेच होते. दगड, झाडे, मग माणसे ही भर पुढे १९८० च्या दशकात पडली. फांदी कुठे फुटते, कोपर किती वाकते, हे सारे कोहेनने हाताने लिहिले. आरॉनने एकही चित्र कधी पाहिलेले नव्हते.

सुरुवातीला चाकांचे एक छोटे यंत्र जमिनीवर अंथरलेल्या कागदावर फिरून रेषा ओढत असे. प्रेक्षक चित्र सोडून यंत्राकडेच पाहत, म्हणून कोहेनने ते बंद केले. रंग मात्र बरीच वर्षे तो स्वतःच भरी. ज्या गोष्टीत आपला हात सर्वांत मुरलेला, तीच नियमांत बसवणे सर्वांत कठीण गेले, हे नवल नव्हे. अखेर १९९५ मध्ये बॉस्टनच्या संगणक संग्रहालयात आरॉनने प्रेक्षकांसमोर स्वतः रंगकाम केले. त्यासाठी कोहेनने डोळ्यांवर विसंबणे सोडून छटांच्या उजळपणाचा हिशेब मांडला होता.

आजच्या चित्रनिर्मात्या प्रणालींची पूर्वज म्हणून आरॉनचे नाव घेतले जाते. ते निम्मेच खरे आहे. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात ४,३२,५०० डॉलरना विकले गेलेले ‘एडमंड द बेलामी’ हे व्यक्तिचित्र जुन्या चित्रकारांची हजारो व्यक्तिचित्रे पचवलेल्या प्रणालीने काढले होते. त्या प्रणालीचे ज्ञान इतरांच्या कामातून आलेले; आरॉनचे एकाच चित्रकाराच्या डोक्यातून. चित्रे नक्की कोणाची, हा आज न्यायालयांपर्यंत गेलेला वाद आरॉनबाबत म्हणूनच फारसा तापला नाही. कोहेन स्वतः मात्र याबाबत ठाम नव्हता: कधी तिला साधन म्हणे, कधी सहकारी. आपण गेल्यावरही आपल्या नव्या चित्रांची प्रदर्शने भरतील, असे तो गमतीने सांगे.

२०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने आरॉनची चित्रे मांडली, आणि आरेखनयंत्रे लावून प्रेक्षकांदेखत तिच्याकडून नवी काढूनही घेतली.