अंतर तेच, तास वेगळे

पृथ्वीगोलावर हेलसिंकी आणि टोकियो यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात त्यांना जोडणारी सरळ रेषा कझाकस्तान-मंगोलियावरून जाते. गोलावरचा दोरा मात्र उत्तर ध्रुववृत्तापर्यंत वर चढतो आणि सैबेरियावरून खाली उतरतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग. लांबी सुमारे ७,८०० किलोमीटर.

१९८३ साली फिनएअर कंपनीने या शहरांमध्ये विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा शीतयुद्ध चालू होते. सोव्हिएत हद्द टाळण्यासाठी विमान उत्तर ध्रुवावरून बेरिंग सामुद्रधुनीकडे जाई आणि तेथून पॅसिफिकवरून टोकियो गाठी. हा मार्ग दोऱ्याने मोजला तर साडेदहा हजार किलोमीटरच्या वर भरतो. प्रवासाला सुमारे तेरा तास लागत.

पुढे सैबेरियावरचा मार्ग खुला झाला आणि प्रवास साडेनऊ तासांवर आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपले आकाश बंद केले, रशियाने त्यांच्या विमानांना. फिनएअरची टोकियोची विमाने पुन्हा ध्रुवाकडे वळली. पुन्हा सुमारे तेरा तास!

मधल्या चाळीस वर्षांत इंजिने सुधारली, इंधन कमी लागू लागले. पण प्रवासी जेट विमानांचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपासच राहिला. त्यामुळे लांबलेल्या वाटेची भरपाई वेगाने होऊ शकली नाही.

७,८०० ला ९०० ने भागले की पावणेनऊ तासांहून थोडे कमी येतात. वरचे चार तास कुठून आले? विद्यार्थ्यांना विचारून पाहा. गणिताच्या तासाला निघालेला हा प्रश्न इतिहासाच्या तासालाच सुटतो.