विषाणू आणि पेशीचे दार

न्यूयॉर्क येथील रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हर्स्ट हे कोंबडीच्या उबवलेल्या अंड्यांत इन्फ्ल्युएन्झाचे विषाणू वाढवीत असत. अंड्यातील द्रव काढताना एखादी रक्तवाहिनी फाटली म्हणजे त्यात रक्त मिसळे. दुसऱ्या एखाद्याने असा बिघडलेला द्रव फेकून दिला असता. १९४१ साली हर्स्ट यांना मात्र दिसले की, विषाणूयुक्त द्रवात तांबड्या रक्तपेशी परस्परांस चिकटून त्यांचे पुंजके होतात. विषाणूचे कण पेशीपेशींना जोडीत होते. त्याच वर्षी कॅनडात मॅक्लेलंड आणि हेअर यांनाही स्वतंत्रपणे हेच आढळले.

विषाणूंची मोजदाद करण्यास ही युक्ती फार सोयीची ठरली. खरे कोडे पडले ते पुढे. थंडाव्यात रक्तपेशींना चिकटलेला विषाणू शरीराइतक्या उष्णतेत काही तासांनी आपण होऊन सुटू लागला. सुटलेला विषाणू ताज्या पेशींना पुन्हा चिकटे. पण त्याने सोडलेल्या पेशींना तोच विषाणू नव्याने दिला, तरी तो चिकटेना. म्हणजे बदल झाला होता तो पेशीत. पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूला धरणारा ग्राही घटक असावा व तो नष्ट करणारे एंझाइम विषाणूजवळच असावे, असा तर्क हर्स्ट यांनी १९४२ मध्ये केला. परक्या पेशीच्या जिवावर वाढणाऱ्या कणाजवळ स्वतःचे एंझाइम असेल, हे मानणे त्या काळी धाडसाचेच होते.

हा धागा पुढे मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत मॅकफार्लेन बर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उचलला. कॉलऱ्याच्या जंतूंच्या गाळलेल्या द्रवातही तसेच काम करणारे एंझाइम त्यांना सापडले. बंगालने ज्याच्यापायी इतके सोसले, तो जंतू असा संशोधकांच्या हाती हत्यार म्हणून आला! मग पेशीवरील ग्राही आधीच छाटून टाकले, तर रोग टळेल काय? १९४८ साली स्टोन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत काही संरक्षण मिळालेही. परंतु पेशी आपले ग्राही पुन्हा घडवितात, आणि ती आशा तेथेच अडली.

नेमके तुटते काय, हे उलगडण्याचे बरेचसे श्रेय आल्फ्रेड गॉटशाल्क यांना जाते. नाझी जर्मनीतून बाहेर पडून ते १९३९ मध्ये मेलबर्नला आले होते. ग्राही प्रथिन समूळ नष्ट होत नाही. त्याला जोडलेल्या शर्करासाखळीच्या टोकावरचे सियालिक आम्ल तेवढे छाटले जाते, आणि तेवढ्यानेच ते विषाणूच्या दृष्टीने निरुपयोगी होते. १९५७ मध्ये या एंझाइमला न्यूरॅमिनिडेझ हे नाव मिळाले.

ज्या दाराने आत शिरायचे, तेच विषाणूने का मोडावे? उत्तर बाहेर पडण्यात आहे. पेशीतून निघणारी विषाणूंची नवी पिढी त्याच ग्राहींना, आणि एकमेकांनाही, चिकटून बसेल. एंझाइम निकामी झालेले विषाणू खरोखरच असे गोळा होऊन राहतात, हे १९७४ मध्ये दिसून आले. १९८३ मध्ये व्हर्गीस, लेव्हर आणि कोलमन यांनी एंझाइमची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. तिच्या खाचेत नेमका बसेल असा रेणू घडविण्यात आला आणि १९९९ मध्ये झॅनामिव्हिर हे औषध वापरात आले. ते पेशीच्या ग्राहीला हातही लावीत नाही. विषाणूची कात्री तेवढी बोथट करते. म्हणूनच ते लक्षणे दिसल्यापासून दोन दिवसांच्या आत सुरू करावे लागते. उशीर झाला, तर बहुतेक विषाणू सुटून दूर गेलेले असतात.