वाटाण्याच्या अंकुराचा चित्रपट : जुन्या कॅमेऱ्यांवरील टाइम-लॅप्स चित्रण

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा रोखून ठेवला. महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या अंतराने टिपलेली चित्रे पडद्यावर सलग धावली, तेव्हा मातीतून अंकुर वर येताना व त्याचा वेल होताना प्रेक्षकांना दिसला. सुमारे एका मिनिटाचा हा लघुपट 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखला जातो. भारतातील टाइम-लॅप्स चित्रणाचा हा आद्य प्रयोग मानावा लागेल.

या प्रयोगामागे केवळ कुतूहल नव्हते. चित्रपटाच्या ध्यासापायी फाळके यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या होत्या. अतिश्रमाने त्यांची दृष्टीही काही काळ गेली होती. कथापट काढण्यासाठी भांडवल हवे होते आणि या नव्या धंद्यावर कोणाचाही विश्वास बसत नव्हता. वाटाण्याची फिल्म पाहून छायाचित्रण साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी प्रभावित झाले व द्रव्यसाहाय्याची वाट मोकळी झाली. पुढे पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही या कामी लागले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला.

'रोज एक चौकट' खरी का?

फाळके यांनी दररोज एकच चौकट टिपली, असे अनेकदा सांगितले जाते. गणित मात्र त्याला दुजोरा देत नाही. मूकपटाच्या काळात साधारणपणे सेकंदाला १६ चौकटी घेतल्या जात. ३५ मिलिमीटरच्या एका फूट फिल्मवर १६ चौकटी मावतात. म्हणजे एका मिनिटासाठी ६० फूट फिल्म व ९६० चौकटी हव्यात. रोज एक याप्रमाणे महिन्याच्या ३० चौकटी दोन सेकंदांतच संपतील. मिनिट भरायचे, तर रोज तीसबत्तीस चौकटी, अर्थात दिवसाउजेडी दर वीस-बावीस मिनिटांनी एक, हे प्रमाण पडते. रोज ठरावीक वेळी दोन सेकंद हँडल फिरवूनही तेवढ्याच चौकटी भरल्या असत्या. पण मग रोपटे धक्क्याधक्क्याने वाढलेले दिसले असते.

त्या काळचे कॅमेरे हाताने चालवले जात. हँडलच्या एका फेऱ्यात सामान्यतः आठ चौकटी पुढे सरकत. अनेक कॅमेऱ्यांना हँडल बसविण्याची आणखी एक जागा असे. तेथे एका फेऱ्यात एकच चौकट उघडे. हीच सोय टाइम-लॅप्सला उपयोगी पडे.

खरी कसोटी मात्र यंत्रापेक्षा धीराची होती. तिवई केसभरही हलून चालत नसे, कुंडीला पाणी घालतानासुद्धा. सकाळ, दुपार व ढगाळ हवा यांतील प्रकाशाचा फरक पडद्यावर लुकलुकीच्या रूपाने उमटे. दोन चौकटींमधील काळात झडपेतून किंचित जरी उजेड झिरपला, तरी तेवढी फिल्म काळवंडे. म्हणून भिंगावर झाकण घालणे श्रेयस्कर ठरे. रोपटे उजेडाकडे झुकते, ते वेगळेच. आणि यांपैकी काय बिघडले, हे सारी फिल्म धुतल्यावरच कळणार! फाळके यांच्या घरी फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे काम सरस्वतीबाई शिकल्या होत्या, ही बाब येथे नोंदवायला हवी.

या तंत्राचा शोध फाळके यांनी लावला, असे मात्र नव्हे. जर्मनीतील लाइपझिग येथे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८९८ ते १९०० या काळात वनस्पतींच्या हालचाली अशाच टिपल्या होत्या. न्यूयॉर्कमधील स्टार थिएटर पाडले जात असताना दर चार मिनिटांनी एक चौकट घेऊन केलेला चित्रपट १९०१ चा आहे. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० साली 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर'मध्ये फुले उमलताना दाखवली. मात्र एका वाटाण्याच्या बळावर चित्रपटासाठी भांडवल उभे करण्याची कल्पना फाळके यांचीच म्हणावी लागेल.

पुढे स्प्रिंगवर चालणारे कॅमेरे आले. स्वित्झर्लंडच्या बोलेक्स कंपनीचा १९३५ चा एच-१६ हा १६ मिलिमीटरचा कॅमेरा एकेक चौकट घेऊ शकतो व जुन्या यंत्रांचे शौकीन तो आजही वापरतात. त्यातील १०० फूट फिल्मवर ४,००० चौकटी बसतात. सेकंदाला २४ या वेगाने त्या पावणेतीन मिनिटे पुरतात. सुपर-८ च्या ५० फुटी काडतुसात ३,६०० चौकटी असतात. दर मिनिटाला एक चौकट घेतल्यास हे काडतूस अडीच दिवस चालते आणि सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने पडद्यावर ३ मिनिटे २० सेकंदांत संपते.