कॉकपिटातली मागची खुर्ची

अंबाडी नाक्यावर, भिवंडी-वाडा रस्त्याच्या कडेला तुम्ही उभे आहात. समोर ट्रक थांबवलाय. ड्रायव्हरनं केबिनमधून प्लॅस्टिकची पिशवी काढलीय आणि बिल्टी, परमिट, विमा, पीयूसी असं एकेक हवालदारापुढे धरतोय; ई-वे बिल तेवढं मोबाइलवर आहे आणि मोबाइल नेमका लटकलाय. डोक्यावर मुंबईत उतरायला निघालेलं एक विमान वळण घेतंय. त्याच्या वैमानिकाकडेही अशीच पिशवी असायची, ट्रकवाल्यापेक्षा कितीतरी जड. ती रिकामी कशी झाली हे बघायचं असेल तर वर चला. कॉकपिटात वैमानिकांच्या मागे एक घडीची खुर्ची असते, बहुधा तपासनिसासाठी. आजच्यापुरती ती तुमची. फक्त साल बदलत राहील.

15 ऑक्टोबर 1932. पहिल्याच फेरीला खुर्ची नाही. एका इंजिनाच्या पस मॉथमध्ये तुम्ही टपालाच्या थैल्यांशेजारी अंग चोरून बसलाय आणि पुढे जे. आर. डी. टाटा आहेत. सकाळी कराची सोडली. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले, ते ओतून होईपर्यंत तुम्ही पाय मोकळे केलेत. आता डाव्या हाताला, डोंगरांच्या पलीकडे कुठेतरी अंबाडी असेल; इथून दिसत नाही. जेआरडींच्या हातात स्लाइड रूल आहे. वेग, वारा, उरलेलं पेट्रोल, जुहूला पोहोचायची वेळ, सगळा हिशेब त्या सरकत्या पट्टीवर. विमानाची कागदपत्रं एका माणसाच्या मांडीवर मावतात, आणि चूक झाली तर भोगणाराही तोच. दुपारी तुम्ही जुहूला उतरता. पावसाळ्यात हे मैदान पाण्याखाली जातं, तेव्हा टपालाचं विमान पुण्याला न्यावं लागतं.

कागद वाढला तो विमानं मोठी झाली म्हणून. 1934 साली अमेरिकेत जेपसन नावाचा टपालवैमानिक स्वतःच्या वहीतली टिपणं, कुठल्या विमानतळाजवळ किती उंचीची टेकडी आहे वगैरे, 10 डॉलरला विकायला लागला. पुढच्याच वर्षी 30 ऑक्टोबरला बोइंगचं नवं बाँबर चाचणीत उडता उडता कोसळलं, कारण शेपटाकडचे पृष्ठभाग अडकवून ठेवणारा खटका काढायचा राहिला होता. चालवणारा नवशिका नव्हता. त्यानंतर चेकलिस्ट आली. नकाशा आणि यादी, कॉकपिटातल्या सगळ्या कागदांचं मूळ या दोघांत सापडतं.

8 जून 1948. सांताक्रूझ, रात्र. ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालंय. आता मागे खुर्ची आहे, पण गर्दीही आहे. समुद्रावर आल्यावर नॅव्हिगेटर छताच्या काचेच्या घुमटाखाली उभा राहतो, सेक्स्टंटमधून एक तारा पकडतो, टेबलाशी येतो, तक्त्यात बोट फिरवतो आणि नकाशावर पेन्सिलीनं बारीक फुली मारतो. विमान इथे आहे. निदान होतं, काही मिनिटांपूर्वी. रेडिओवाला त्याच्या कागदावर, इंजिनिअर त्याच्या. तुम्हाला वाटतं हा सगळा लेखनिकांचा कारखाना आहे. पण बघत राहा: कॅप्टन मान वळवतो, नॅव्हिगेटरचा कागद वाचतो आणि म्हणतो, पुन्हा काढ. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचायचं, ही सवय त्या कागदांबरोबर आपसूक आली होती.

1971. एअर इंडियाचं पहिलं जंबो, ‘एम्परर अशोक’, आलंय. नॅव्हिगेटर गेला, त्याच्या जागी यंत्र आलं. पण बॅगा! तुमच्या गुडघ्यापाशी काळ्या चामड्याची चौकोनी पेटी आहे आणि तिच्यात जाडजूड फायली. खरी मजा बघायची तर विमान सोडा आणि सुटीच्या दिवशी पार्ल्यातल्या एका कॅप्टनच्या घरी चला. जेवणाच्या टेबलावर पिवळट पाकीट फुटलंय. नव्या दुरुस्त्या आल्यात. पातळ कागदाची शेकडो पानं. फाइलीच्या कड्या उघडायच्या, जुनं पान शोधून काढायचं, नवं घालायचं, शेवटी यादीवर तारीख आणि सही. बायको पोळ्या वाढायला खोळंबलीय, मुलगा काढलेल्या पानांची विमानं करतोय. एखादं पान चुकीच्या कडीत गेलं तर ते कधीतरी धुक्यात उतरतानाच कळणार. या कामाबद्दल हळवं होऊन बोलणारे निवृत्त वैमानिक असतीलही, पण ते काम करताना कोणी हळवं झालं असेल असं मला वाटत नाही.

परत विमानात. निघायच्या आधी एक कागद मात्र नीट बघा. ट्रिमशीट. एकाखाली एक आडव्या पट्ट्या. वरच्या पट्टीवर रिकाम्या विमानाचा आकडा, तिथून पेन्सिलीची रेघ खाली उतरते. पुढच्या होल्डात इतका माल, रेघ डावीकडे चार घरं. मागच्या होल्डात इतका, उजवीकडे सहा. मग प्रवासी, मग इंधन. जिना उतरावा तशी रेघ खाली येते आणि शेवटी एका चौकटीत पडावी लागते. बाहेर पडली तर शेपूट किंवा नाक जड झालं; माल इकडचा तिकडे करा. हातानं काढलेली वाकडी रेघ, पण विमानाचा तोल डोळ्यांना दिसतो. कॅप्टन सही करतो आणि एक प्रत जमिनीवर राहते, विमान परत आलं नाही तर चौकशीवाल्यांसाठी.

आता दोन अपघात, भराभर. 23 जुलै 1983, कॅनडा. नव्या कोऱ्या 767 मध्ये 22,300 किलो इंधन हवं होतं, टाक्यांत होतं 22,300 पौंड, म्हणजे निम्म्याहून कमी. गुणाकार कागदावर झाला होता, अनेकांनी तपासलाही होता, पण सगळ्यांनी एकाच चुकीच्या आकड्यानं. इंजिनं आकाशात बंद पडली आणि कॅप्टननं ते धूड गिम्लीच्या जुन्या हवाई तळावर तरंगवत उतरवलं. सगळे वाचले.

20 मार्च 2009, मेलबर्न, रात्र. इथे गुणाकार लॅपटॉप करतो. एमिरेट्सच्या ए340 चं वजन 362.9 टन, टाइप झालं 262.9. एक बोट, शंभर टन. यंत्रानं तक्रार केली नाही, 262.9 टनांचं विमान असू शकतं, आणि त्या विमानाला लागेल तेवढाच जोर त्यानं सांगितला. धावपट्टी संपत आली तरी चाकं उचलेनात, शेपूट डांबरावर घासलं, धावपट्टीचं टोक ओलांडून गेल्यावर कसंबसं विमान वर आलं. 275 माणसं, सगळी सुखरूप परतली. पेन्सिलीची रेघ एवढी सरकली असती तर चौकटीजवळही आली नसती, हे मला सारखं आठवतं. म्हणून कागदच बरा, असं मात्र म्हणवत नाही. गिम्लीचा हिशेब कागदावरच होता.

पुढचं तुम्हाला ठाऊक असल्यासारखं वाटेल. 2012 मध्ये एअर इंडियाची ड्रीमलायनर आली, तिच्यात वैमानिकांच्या बाजूला नकाशे दाखवणारे पडदे कारखान्यातूनच बसवलेले. 2013 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं सुमारे 16 किलोची बॅग काढून सगळ्या ताफ्यात टॅब्लेट दिले आणि इंधनाचा खर्च वाचवला. 2015 च्या एप्रिलमध्ये त्याच टॅब्लेटवरचं ॲप बंद पडलं आणि विमानं गेटवर खोळंबली. भारतात विमानवाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएनं मंजुरी दिल्याशिवाय कागद खाली ठेवता येत नाही.

आता मुंबई, आजची पहाट, टर्मिनल 2, ए320. बॅगेची जागा रिकामी आहे, तिथे पाण्याची बाटली. खिडकीशेजारी टॅब्लेट अडकवलेत, एक इकडे, एक तिकडे. नकाशे रात्रीच बदलून आले, पाकीट फुटलं नाही. दोघं वैमानिक आपापल्या टॅब्लेटवर, एकमेकांकडे न बघता, वजन आणि वारा भरून व्ही-वन काढतायत, म्हणजे ज्यापुढे उड्डाण रद्द करता येत नाही तो वेग. मधल्या छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठीएवढी लोडशीट सरसरत बाहेर येते. तेवढा कागद अजून आहे.

“सर, माझा व्ही-वन एकशे अडतीस.”

“माझा एकशे त्रेचाळीस. वजन कुठलं घेतलंस?”

“फ्लाइट प्लॅनवरचं... सॉरी सर, लोडशीट बघायची राहिली.”

“पुन्हा काढ. मीही काढतो.”

दोघंही आधीचे आकडे पुसतात. टोइंगवाला हेडफोनवर विचारतो, निघायचं का. कॅप्टन त्याला थांब म्हणतो. मागे चौदाव्या रांगेतला कोणीतरी घरच्यांना मेसेज टाकतो की विमान अजून जागचं हललं नाही.