तळटीप : कल्याणचे तांबे

कल्याण बंदरातून तांबे परदेशी जाई, असे अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस या व्यापाऱ्याने सहाव्या शतकात नोंदवले आहे. त्यावरून मलंगगडाच्या डोंगरात कुठे खाण असावी, असे वाटणे साहजिक आहे.

तशी खाण इथे संभवत नाही. मलंगगड, माहुली, माळशेज हा सारा काळा पाषाण (बेसाल्ट) सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात तांबे टनामागे शे-दोनशे ग्रॅम. खाण परवडायला ते काही किलो तरी हवे. विखुरलेला धातू एकवटण्यासाठी तप्त, क्षारयुक्त पाणी भेगांतून दीर्घकाळ वाहावे लागते. अमेरिकेत मिशिगनच्या किवीनॉ भागात बेसाल्टमध्येच हे घडले आणि शुद्ध तांब्याचे प्रचंड गोळे सापडले. सह्याद्रीत मात्र खडकातल्या पोकळ्या मुख्यतः झिओलाइट आणि गारेने भरल्या.

महाराष्ट्रातले तांबे आहे ते विदर्भात, लाव्हाहून कितीतरी जुन्या खडकांत. चंद्रपूर जिल्ह्यातील थानेवासना येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याचा शोध घेतला.

कल्याण हे घाटमार्गांचे मुख होते. नाणेघाटातून उतरलेला देशावरचा माल इथे जहाजांत भरला जाई. कॉस्मसने नोंदवलेला धातूही असाच बाहेरच्या खाणींतून आलेला असावा, असे संपादकाचे मत आहे.