रोबोटिक्स स्पर्धेत जोडीदार टीम कमकुवत निघाली तर काय करायचं?

'फर्स्ट टेक चॅलेंज' ही इयत्ता ७ वी ते १२ वीच्या मुलांची रोबोटिक्स स्पर्धा. यात मॅच दोन टीम विरुद्ध दोन टीम अशी होते. एका बाजूच्या दोन टीमना मिळून 'अलायन्स' म्हणतात. पात्रता फेरीत जोडीदार आपण निवडत नाही, तो वेळापत्रकात ठरलेला असतो आणि दर मॅचला बदलतो. गुण मात्र दोघांचे एकत्र मोजले जातात.

समजा, जळगावच्या अनुभवी टीमला धुळ्याची पहिल्यांदाच उतरलेली टीम मिळाली. त्यांचा रोबो नुसता चालतो, वस्तू उचलत नाही. अशा वेळी "तुम्ही कोपऱ्यात उभे राहा" असं सांगणं सोपं वाटतं, पण त्यात तोटा दोघांचा होतो.

मग काय करायचं?

१. आधी भेटा. "तुमचा रोबो काय काय करतो?" यापेक्षा "मागच्या मॅचमध्ये काय नक्की जमलं?" हे विचारा. खरं उत्तर मिळतं.

२. एकच काम ठरवा. बहुतेक हंगामांत शेवटी ठरलेल्या जागी रोबो उभा केला तरी गुण मिळतात. नुसत्या चालणाऱ्या रोबोलाही हे जमतं.

३. रस्ते वाटून घ्या. पहिले ३० सेकंद रोबो प्रोग्रामवर चालतात, हातात कंट्रोलर नसतो. दोघांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील तर एकाने काही सेकंद थांबून निघायचं. नंतरच्या २ मिनिटांतही कोण कुठल्या बाजूला खेळणार, हे आधीच बोलून घ्या.

४. बॅटरी आणि वायरी तपासायला मदत करा. सैल वायरमुळे मैदानात बंद पडलेला रोबो शून्य गुण देतो. मात्र त्यांचा रोबो त्यांनाच चालवू द्या.

यात आपला फायदा काय?

पात्रता फेरीनंतर वरच्या क्रमांकाच्या टीम बाद फेरीसाठी स्वतः जोडीदार निवडतात. तिथे रोबोइतकंच वागणंही लक्षात राहतं. पुरस्कार देताना परीक्षकही टीम इतरांशी कशी वागते ते पाहतात.

आणि मुख्य म्हणजे, पहिल्याच स्पर्धेत कोपऱ्यात उभी केलेली मुलं पुढच्या वर्षी येतीलच असं नाही. छोटं का होईना, काम मिळालेली मुलं मात्र रोबो सुधारून परत येतात.